आकडा कोणत्या मापाचा?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथील कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा आणि वाहनाचा मालक यांच्यातील बोलणे एका शब्दात आटोपते. मालक ‘तीस’ म्हणतो, मुलगा मान हलवतो आणि काम होते. तीस म्हणजे काय तीस, हे दोघेही बोलत नाहीत. ते असतात एका चौरस इंचावर पडणारे तीस पौंड; कारखान्यात ज्याला ‘पीएसआय’ म्हणतात ते माप. त्याच मोटारीच्या माहितीपुस्तिकेत तोच दाब कित्येकदा २१० किलोपास्कल असा छापलेला असतो, एखाद्या पंपाच्या तबकडीवर तो २.१ बार असा उमटतो, आणि मालकाची मुलगी शाळेत शिकत असेल तर तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात पौंड व चौरस इंच यांचा मागमूसही नसतो. तेथे फक्त पास्कल असतो. हवा एक, टायर एक आणि आकडे तीन. मेट्रिक पद्धत कायद्याने सक्तीची होऊन सहा दशके उलटून गेलेल्या देशातील ही स्थिती आहे.

यात एवढे बिघडले काय, असे कोणी विचारील. आणि टायरपुरते बोलायचे तर त्याचे म्हणणे खोटे नाही. डॉक्टर ‘एकशेवीस-ऐंशी’ म्हणतात तेव्हा ते पाऱ्याचे मिलिमीटर आहेत हे सांगत बसत नाहीत, कारण रक्तदाबासाठी आपल्याकडे दुसरे माप व्यवहारात नाही. ताप आपण फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि हवामानाचा अंदाज सेल्सियसमध्ये ऐकतो. मुलाला एकशे दोन आहे आणि बाहेर अडतीस आहे, ही दोन वाक्ये एकाच घरात एकाच दुपारी उच्चारली जातात आणि कोणाचाही घोटाळा होत नाही. कुकरमधील वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम, म्हणजेच चौरस इंचाला साधारण पंधरा पौंड असतो; पण स्वयंपाकघरात मोजल्या जातात त्या शिट्ट्या, आणि त्यात काहीही गैर नाही. मापाचे नाव न उच्चारणे हा काही स्वतःच गुन्हा ठरत नाही. जेथे माप एकच आहे तेथे ते गृहीत धरता येते. जेथे मापे दोन असली तरी आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की गल्लत तत्क्षणी ध्यानात यावी, तेथेही निभावून जाते. धोका आहे तो तिसऱ्याच जागी. दोन मापे एकाच तबकडीवर नांदत असतात आणि चुकीचा आकडाही दिसायला बरोबर असतो, ती ही जागा होय.

अशा तबकड्या आपल्या परिसरात ठायी ठायी आहेत. वागळे इस्टेटमधील लहान कारखाना असो, की डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांचा मोठा प्रकल्प. कॉम्प्रेसर, बॉयलर, वायूंचे सिलिंडर यांवर प्रेशर गेज बसवलेला असतो. त्यात काटा एक, पण आकड्यांची कडी पुष्कळदा दोन असतात. कधी पौंडांचे कडे बाहेर असते व किलोचे आत, तर कधी याच्या उलट. रंगही बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदलतात. आमचे कामगार ‘सात किलो प्रेशर’ म्हणतात, ते चौरस सेंटिमीटरला सात किलोग्रॅम असते. तेच पौंडांच्या कड्यावर जवळजवळ शंभर दिसते. युरोपातून आलेल्या यंत्रावर तेथेच ‘बार’ असतो. सुदैवाने बार आणि किलो यांत दोनच टक्क्यांचा फरक आहे, म्हणून त्यांचे एकमेकांशी बरे जमते. पौंडांशी मात्र दोघांचेही नाते सुमारे चौदापटीचे आहे. डोंबिवलीच्या वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांच्या कारणांशी या लेखाचा संबंध नाही. परंतु ‘दाब’ या शब्दाचा अर्थ काय, हे त्या वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

कारखान्यातील माणूस निदान सरावलेला असतो. हा प्रश्न सामान्य घरात कसा शिरला ते २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिसले. रुग्णालयांत खाटा मिळेनाशा झाल्या, तेव्हा अनेक कुटुंबांनी प्राणवायूचे सिलिंडर घरी आणले. ज्यांनी आयुष्यात कधी गेज पाहिला नव्हता अशा शिक्षिका, कचेऱ्यांतील कारकून आणि महाविद्यालयांत शिकणारी मुले यांच्यावर रात्रभर त्या काट्याकडे पाहत बसण्याची पाळी आली. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता: हा अजून किती वेळ पुरेल?

हे गणित वास्तविक प्राथमिक शाळेतले आहे. घरी आणता येण्याजोगा ‘बी’ प्रकारचा सिलिंडर घेतला तर त्यात पाणी भरल्यास सुमारे दहा लिटर मावेल. पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोग्रॅम असतो. दहा गुणिले दीडशे म्हणजे दीड हजार लिटर प्राणवायू. मिनिटाला पाच लिटर दिला तर तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास. काटा ७५ वर आला की अडीच तास. एक गुणाकार, एक भागाकार. पण नजर पौंडांच्या कड्यावर असेल तर? तेथे पूर्ण सिलिंडर २,१०० च्या आसपास दिसतो. समजा, काटा ५०० वर आला आहे. दहा गुणिले पाचशे असा हिशेब कोणी केला, तर पाच हजार लिटर हे उत्तर येईल आणि ते पूर्ण सिलिंडरपेक्षाही अधिक असल्यामुळे चूक लक्षात येईल. ही मोठी चूक म्हणूनच फारशी धोक्याची नाही. धोक्याची आहे ती अर्धवट जाणत्याची चूक. पौंडांचे आकडे मोठे असतात एवढे त्याला ठाऊक असते. तो एक शून्य कमी करतो आणि ५०० चे ५० करतो. पन्नास किलो म्हणजे पाचशे लिटर, म्हणजे शंभर मिनिटे. प्रत्यक्षात ५०० पौंड म्हणजे ३५ किलो, साडेतीनशे लिटर, सत्तर मिनिटे. शंभर आणि सत्तर हे दोन्ही आकडे सारखेच विश्वासार्ह दिसतात. मध्यरात्री दुसरा सिलिंडर आणायला निघालेल्या मुलाच्या दृष्टीने त्या दोहोंतील अर्ध्या तासाचे मोल काय असते, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हेच गणित, हाच सिलिंडर आणि हीच चूक थोड्या वेगळ्या वेषात समुद्राच्या तळाशी भेटते. अलीकडे ठाणे-डोंबिवलीकडील कुटुंबे मे महिन्यात वा दिवाळीत मालवणला जातात, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याबरोबर स्कूबा डायव्हिंगही त्यांच्या कार्यक्रमात असते. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची हे शास्त्र शिकवणारी संस्थाच आहे. हौशी पर्यटकाला गेज वाचावा लागत नाही. त्याचा हात धरून नेणारा मार्गदर्शक तो वाचतो. पण जो रीतसर शिकतो, त्याला पहिल्याच काही दिवसांत ही दोन जगे सांभाळावी लागतात. युरोपीय रीत अशी, की सिलिंडरचे नाव त्याच्या पोटातील पाण्याच्या लिटरांवरून ठेवायचे आणि दाब बारमध्ये मोजायचा. गुणाकार केला की हवा किती ते कळते. अमेरिकी रीत अशी, की पूर्ण दाबाला त्यात किती घनफूट हवा मावते त्यावरून नाव ठेवायचे आणि दाब पौंडांत मोजायचा. त्या रीतीतील प्रसिद्ध ‘ऐंशी’चा सिलिंडर ३,००० पौंडांना भरला असता त्यात प्रत्यक्षात ७७ घनफुटांच्या आसपासच हवा असते. म्हणजे नावाचा आकडाही पूर्ण खरा नाही! त्याच सिलिंडरला युरोपीय माणूस अकरा लिटरचा म्हणतो.

खाली हवा किती उरली असता वर निघायचे, याचे ठोकताळेही दोन आहेत. एका रीतीत पन्नास बार राखून ठेवायला शिकवतात, दुसरीत पाचशे पौंड. आकडे असे जुळ्या भावांसारखे असल्यामुळे ते एकच आहेत असे वाटते. वस्तुतः पाचशे पौंड म्हणजे जेमतेम साडेचौतीस बार. जवळजवळ एक-तृतीयांशाचा फरक. शिवाय पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्यामुळे दहा मीटरांवर पृष्ठभागापेक्षा दुप्पट वेगाने हवा संपते. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे पाण्याखाली आकडा बोटांनी सांगायचा असतो. सोबत्याने खूण केली की आपल्याजवळ किती उरले ते बोटे दाखवून कळवायचे. बोटांना माप जोडता येत नाही. सात बोटे म्हणजे ७० बार असतील तर अजून थोडा अवकाश आहे. ७०० पौंड असतील तर ते ४८ बारच होतात, म्हणजे वर निघायची वेळ झालेली आहे. म्हणून जाणते शिक्षक पाण्यात उतरण्यापूर्वीच एकमेकांचे गेज दाखवायला लावतात आणि शक्यतो एकाच मापाचे गेज सर्वांना देतात. जे शहाणपण समुद्रात अपरिहार्य ठरले ते जमिनीवर ऐच्छिक का असावे?

मापांच्या गल्लतीचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातील आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक नवे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्याचा इंधनदर्शक बंद होता, म्हणून टाकीतील इंधन कांडीने मोजून त्याचे वजन काढण्यात आले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरांचे वजन करताना १.७७ ने गुणले गेले. हा आकडा इतर विमानांसाठी नेहमी वापरला जात असे, त्यामुळे तो कोणालाच परका वाटला नाही. पण एका लिटरचे १.७७ होतात ते पौंड. किलोग्रॅम होतात ०.८. हे विमान किलोग्रॅममध्ये हिशेब ठेवणारे होते. परिणामी निम्मेच इंधन घेऊन ते उडाले आणि ४१,००० फुटांवर असताना त्याची इंजिने एकापाठोपाठ बंद पडली. वैमानिकांनी ते निव्वळ तरंगत गिम्ली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. विमानातील सर्व ६९ माणसे वाचली, हा त्यांच्या कौशल्याचा भाग. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या दिवशी गुणाकार कोणीही चुकवला नव्हता. कॅनडा त्या वेळी जुन्यातून नव्या पद्धतीत जात होता आणि वाटेतच रेंगाळला होता. पुढे १९८५ साली त्याने आपला मेट्रिक आयोगही बंद केला. अमेरिकेचे मंगळाकडे धाडलेले यान १९९९ साली नष्ट झाले तेही एका संगणकप्रणालीने पौंडांत दिलेले आकडे दुसरीने न्यूटनमध्ये वाचल्यामुळे.

आपण त्या मानाने पुष्कळ पुढे गेलो होतो, याचा आज विसर पडला आहे. जुन्या काळी मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि रेल्वेचा मण ८२ पौंडांहून किंचित अधिक होता. ‘मण’ या एकाच शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक सामावलेला होता. पायली, अधोली, शेर यांचे मोल तालुक्यागणिक बदलत असे, आणि हा बदल ज्याला ठाऊक असे तो बहुधा विकत घेणारा व्यापारी असे, विकणारा शेतकरी नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. १९५६ च्या वजनमापे कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. निरक्षरांचे प्रमाण प्रचंड असलेल्या देशात हे जमणार नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते. ते जमले, कारण दोन्ही मापे शेजारी शेजारी चालू देण्याची मुदत ठरलेली होती आणि ती संपली की जुने माप दुकानातून उठले. नाण्याच्या बाबतीत तर १ जून १९६४ पासून ‘नवा पैसा’ यातील ‘नवा’ हा शब्दही गळाला. जुने उरलेच नाही, तेव्हा नव्याला नवे म्हणण्याचे कारण राहिले नाही.

गेजच्या तबकडीवर ही मुदत कधी संपलीच नाही. किराणा दुकानातील तराजूवर वजनमापे निरीक्षकाची नजर होती. आयात केलेल्या यंत्रांवर, पाइपांच्या आट्यांवर, टायरच्या पंपांवर ती तशी नव्हती. अर्ध्या इंचाचा नळ आजही अर्ध्या इंचाचाच आहे. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली टंकलेखनयंत्रावरील अक्षरांच्या मांडणीचे उदाहरण घेऊन दाखवले, की एखादी गोष्ट उत्तम आहे म्हणून टिकते असे नव्हे. ती आधी आली, तिच्याभोवती लोकांचे शिक्षण आणि यंत्रसामग्री गुंफली गेली, म्हणूनही टिकते. पौंडांचे असेच झाले आहे. बदलाचा खर्च आज, एकरकमी आणि कोणाच्या तरी नावावर पडतो. न बदलण्याचा खर्च मात्र हजार जागी विखुरलेला, लहानलहान आणि कोणाच्याच खतावणीत न येणारा असतो. पहिला खर्च दिसतो म्हणून टाळला जातो. दुसरा दिसत नाही म्हणून सोसला जातो.

दोन कडी ही वाचणाऱ्याची सोय आहे, असे बनवणारे सांगतात. मला हे पटत नाही. सोय आहे ती बनवणाऱ्याची; एकच तबकडी छापून ती दोन्ही बाजारांत खपते. कोणते कडे वाचायचे हे ठरवण्याची जबाबदारी मात्र विकत घेणाऱ्याच्या, आणि त्याहूनही अधिक रात्रपाळीला ती वाचणाऱ्याच्या डोक्यावर जाते.

हा प्रकार आमच्या भागाला मुळीच अपरिचित नाही. कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या गावांत जमिनीचा मालक गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि तेथे उभ्या राहणाऱ्या घराची जाहिरात चौरस फुटांत होते. मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दर पाहावे तर ते चौरस मीटरचे. एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट आणि एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट होतात, हे विकासकाच्या कचेरीतील प्रत्येकाला तोंडपाठ असते. वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्या शिक्षकाला किंवा वडिलार्जित जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला ते असतेच असे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या पक्की केली हे उत्तम झाले. तथापि बाजारात दर बोलला जातो तो अजून फुटांचाच, आणि गुणाकार करावा लागतो तो नेहमी दुबळ्या पक्षाला.

याचा अर्थ मेट्रिक पद्धत म्हणजे धर्म आहे असे मी मानतो, असा कोणी घेऊ नये. जगभरातील बहुतेक विमाने आजही आपली उंची फुटांत सांगतात, आणि ती सांगतात तोवर एकट्या भारतीय वैमानिकाने मीटरचा आग्रह धरणे वेडेपणाचे होईल. आकाशात सर्वांचे माप एक आहे, एवढे पुरते. पण आपल्या जमिनीवर तसे एकमत पौंडांच्या बाजूने कधीच नव्हते आणि होणारही नाही, कारण शाळा पास्कल शिकवते, कायदा मेट्रिक सांगतो, कामगार किलो बोलतो. मग जे माप यांपैकी कोणाचेच नाही, ते तबकडीवर राहते कशासाठी?

२००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून अंमलात आहे. प्रमाणित एककांखेरीज अन्य मापांत भाव सांगणेही त्याने निषिद्ध केले आहे. त्या कायद्याचा हात दाबमापकाच्या तोंडापर्यंत पोचवायला नवे तत्त्वज्ञान नको, एक मुदत हवी. अमुक तारखेनंतर घरगुती, वैद्यकीय आणि वाहनांच्या वापरासाठी विकला जाणारा प्रत्येक नवा गेज एकाच कड्याचा असेल, एवढे ठरवले तरी दहा वर्षांत जुने आपोआप झिजून जातील. कारखान्यांतील जुन्या यंत्रांना अधिक अवधी द्यावा लागेल आणि तो द्यावा. पण तेथेही न वापरायच्या कड्यावर रंगाचा एक फटकारा मारायला कोणत्याच सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा-महाविद्यालयांनाही आपला वाटा उचलता येईल. पास्कलची व्याख्या लिहून पूर्ण गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती खरा गेज कधी दिलाच जात नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला दोन कड्यांची एक तबकडी वर्गात फिरवली आणि ‘काटा कोठे आहे?’ याऐवजी ‘हे किती मिनिटे पुरेल?’ असा प्रश्न विचारला, तर वर्गातील निम्मी मुले आधी ‘कोणते कडे?’ असे विचारायला शिकतील.

तोवर एक लहानसे काम गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना करता येईल. २०२१ च्या अनुभवानंतर ज्या संस्थांनी प्राणवायूचा सिलिंडर घेऊन कचेरीत किंवा जिन्याखाली ठेवला असेल, त्यांनी तो उघडून पाहण्याच्या भरीस पडू नये. भरून देणाऱ्याकडून त्याची लिटरमधील धारणक्षमता आणि गेजवरील दोन्ही कड्यांची मापे लिहून घ्यावीत. मग काटा पूर्ण, अर्धा आणि पाव असताना मिनिटाला दोन व पाच लिटरच्या प्रवाहाने किती मिनिटे मिळतील, याचे सहा आकडे मराठीत, ठळक अक्षरांत एका कागदावर मांडून तो सिलिंडरच्या गळ्यात बांधावा. प्रत्येक आकड्यापुढे ‘मिनिटे’ हा शब्द लिहायला मात्र विसरू नये.